डॉक्टरांनी सांगितलं होतं

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बाबा शाळामास्तर होते, ते आधी गेले. माय गेली तेव्हा ती सातवीत होती आणि मी नुकताच सौंसरच्या एका सरकारी कचेरीत बाबू म्हणून लागलो होतो. रोज पांढुर्ण्याहून बसनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. तिच्या शाळेच्या फारमावर पालक म्हणून माझी सही असे. तिच्या वेण्या मीच घालायचो, वाकड्यातिकड्या. शाळेत पोरी हसायच्या, तर ती त्यांना सांगायची, "माह्या भावानं घातल्या, तुह्या भावाले येतात का?" पुढे माझं लग्न झालं आणि बायकोनं तो ताबा घेतला.

ती बोलकी, हट्टी आणि नकला करण्यात पटाईत. शिकून एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवायला लागली. घरी आली की हेडमास्तरणीपासून चपराश्यापर्यंत सगळ्यांच्या आवाजात बोलून दाखवायची. लग्न रामाकोन्याला झालं. तिचा नवरा, आमचा जवाई, सौंसरजवळच्या एका कंपनीत पाळीवर कामाला. साधा, कमी बोलणारा माणूस. दोन वर्षांनी तिला दिवस गेले तेव्हा फोनवर मला आधी सांगितलं, मग सासूला. "भाऊ, मी बाळंतपणाले तुह्याकडे येईन. माय नाही तं काय झालं, तूच माहं माहेर."

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पांढुर्णा तेव्हा मध्य प्रदेशातला वेगळा जिल्हा झाला नव्हता.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस मला कावीळ झाली होती. आधी ताप, मग अन्न नकोसं झालं, मग एक दिवस कचेरीतला सोबती म्हणाला, "बाबूजी, आँखें तो देखो अपनी." आमच्या गल्लीत नळाला दोन दिवसांआड पाणी येतं. गल्लीतल्या सगळ्यांच्या नळ्या नालीतूनच घरात शिरतात. आमच्या नळीला नालीतच एक जोड होता. तो ढिला झाला होता आणि मी त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली होती. नळ आला की पहिलं पाणी थोडं गढूळ यायचं. ते सोडून द्यायचं, मग स्वच्छ यायचं. दिसायला स्वच्छ.

बाजारातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. तीस वर्षांचा दवाखाना, बाकावर पेशंटांची गर्दी. म्हातारे होत आलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर मला समोर बसवून समजावलं.

"ही हेपॅटायटिस ई. घाणेरड्या पाण्यातून येते. तुम्ही धडधाकट आहात, तुम्हाला काही औषध लागणार नाही. आराम करा, दारू पिऊ नका, कुठलीही जडीबुटी खाऊ नका. तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरेल. पाणी खळखळ उकळून प्यायचं. घरच्या सगळ्यांनीच."

मी मान हलवली. साडेपाचच्या आत घरी पोचायचं होतं, पाणी येण्याचा दिवस होता. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं.

"आणखी एक. घरात कोणी गरोदर बाई आहे?"

"नाही."

"आली तर तिला हे पाणी एक घोटही द्यायचं नाही. बाकीच्यांना ही कावीळ शिवून जाते. गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतते. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखान्यात. लक्षात ठेवाल ना?"

"हो, डॉक्टरसाहेब."

माझी बायको तेव्हा सोबत नव्हती. घरी गेल्यावर मी तिला सांगितलं, आराम करायचा आहे आणि तेल खायचं नाही. एवढंच सांगितलं. पाणी चारेक दिवस उकळलं, मग राहून गेलं.

आणि मी माळ घातली. आमच्या गावापासून पाचेक किलोमीटरवर एका खेड्यात एक म्हातारा काविळीची माळ देतो. कोण्या झुडपाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. सुरुवातीला ती टोपीसारखी डोक्यावर बसते, दिवसागणिक लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते. ती जसजशी उतरते तसतशी कावीळ उतरते म्हणतात. आमच्या बौद्धाच्या घरात गंडेदोरे चालत नव्हते. बाबा असते तर त्यांनी ती माळ अंगणात फेकली असती. मी स्वतःला समजावलं की हा काही दोरा नाही, झाडपाला आहे. माळ पोटापर्यंत आली आणि तोवर माझे डोळेही पांढरे झाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढ्याच आठवड्यांत. पण मी श्रेय माळेला दिलं. कचेरीत चार जणांना त्या म्हाताऱ्याचा पत्ता दिला.

आषाढात मी बहिणीला घेऊन आलो. सातवा महिना. बसमधून उतरल्याबरोबर तिनं पाणी मागितलं. घरी पोचल्यावर बायकोनं माठातलं पाणी तांब्यात दिलं. बहीण उभ्या उभ्या घटघट प्यायली आणि म्हणाली, "आपल्या पांढुर्ण्याच्या पाण्याची चवच अलग." मी तिथंच होतो, तिची पिशवी खुंटीला टांगत होतो. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं आहे की आठवलं. क्षणभर आठवलं आणि वाटलं, आता माझी कावीळ बरी झाली, आता पाण्याचं काय. नालीतला तो जोड तसाच होता.

महिना सव्वा महिना चांगला गेला. ती दुपारी दारात बसून बाळासाठी स्वेटर विणायची आणि गल्लीतल्या बायकांच्या नकला करून माझ्या बायकोला हसवायची. पोळ्याच्या आठवडाभर आधी तिला बारीक ताप आला. जेवणावरची वासना उडाली. "भाऊ, मले भात पाहूनच मळमळते," म्हणायची. मला वाटलं, दिवस भरत आले, होतं असं.

पोळ्याच्या तीन दिवस आधी सकाळी बायको मला न्हाणीघराजवळ घेऊन गेली. हळू आवाजात म्हणाली, "अहो, तिचे डोये पाहा जरा. पिवळे दिसून राहिले. अन् ती सांगत होती, लघवी हळदीवानी होते. आज लेडी डॉक्टरले दाखवू."

मी पाहिलं. पिवळे होते.

"मलेही झाली होती," मी म्हणालो. "काही नाही होत. माळ घालू."

"तिच्या पोटात लेकरू आहे."

"तुले काय समजते? मी सोसली आहे ना!"

तेवढं बोलून मी रिक्षा आणली आणि बहिणीला त्या खेड्यात नेलं. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पोटुशी बाईले मी पोटातून काहीच देत नाही. माळ घेऊन जा. पन दवाखान्यात दाखव, बापू. अशी बाई मी एकदा पाहिली होती. ते वाचली नाही." त्यानं दोन माळा दिल्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. मी म्हटलं, दाखवतो.

ज्याच्याकडे लोक दवाखाना सोडून जातात, त्या माणसानंसुद्धा मला दवाखाना दाखवला. वाटेत रिक्षा लेडी डॉक्टरच्या पाटीसमोरून गेली. बहीण थकली होती, तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. मी म्हटलं, "तीन दिवसांवर पोळा आहे, मग गोटमार. ते होऊन जाऊ दे, मग निवांत दाखवू." ती म्हणाली, "तू म्हणशील तसं."

गोटमार म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटतात, हातपाय मोडतात. रस्ते बंद असतात, दवाखान्यांत जखमींची रांग लागते. बाबांना हे अजिबात आवडायचं नाही. मी मात्र लहानपणापासून एका ओळखीच्याच्या गच्चीवरून पाहत आलो.

त्या दिवशी सकाळी बहीण उठलीच नाही. हाक मारली की डोळे उघडायची, "हो" म्हणायची आणि पुन्हा झोपायची. बायको म्हणाली, "हे काही ठीक नाही. तुम्ही आज कुठं जाऊ नका."

"झोपू दे तिले. रात्रभर मळमळ होती," मी म्हणालो आणि गच्चीवर गेलो.

तासाभरासाठी गेलो होतो. तीन तास लागले. त्या तीन तासांत मी दगड पाहिले, ढोल ऐकले, चहा प्यायलो, कोणाचं डोकं फुटलं ते मोजणाऱ्या लोकांबरोबर उभा राहिलो.

परत आलो तर बहीण पलंगावर बसली होती. केस मोकळे, पदर जमिनीवर. ती माझ्या बायकोचा हात धरून तिला विचारत होती, "माय, माहा शाळेचा फ्रॉक कुठं ठेवला? घंटा होऊन राहिली ना." बायको रडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला मी कोण ते कळलं नाही. डोळे हळदीत बुडवल्यासारखे. नाकातून रक्ताची बारीक रेघ आली होती.

तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरांचा आवाज कानात अख्खा आला, शब्दन् शब्द.

आमच्या गल्लीतून बाहेर पडणारा रस्ता गर्दीनं भरलेला. शेजारच्या दोघांनी मदत केली, आम्ही तिला खुर्चीवर बसवून खुर्ची उचलून नेली. नदीच्या अलीकडे जखमींसाठी तंबू टाकला होता. तिथं डोकी बांधणारा एक तरुण डॉक्टर होता. त्यानं हातातलं काम टाकून तिचे डोळे पाहिले, तिला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. तिचे पंजे पाखरासारखे फडफडायला लागले. तो एवढंच म्हणाला, "काविळीचा परिणाम मेंदूवर झाला आहे. इथं काही होणार नाही. नागपूरला न्या, आत्ताच." गोटमारीच्या जखमींसाठी उभी असलेली एक अँब्युलन्स त्यानं आम्हाला दिली. पोलिसांनी गर्दीतून वाट काढून दिली. लोक वाकून आत पाहत होते, त्यांना वाटत होतं दगड लागला असेल.

जवायाला मी वाटेतून फोन केला. तो कंपनीतून तसाच निघाला आणि सावनेरला आम्हाला गाठून गाडीत बसला. त्यानं तिच्या पायांवर हात ठेवला. नागपूरपर्यंत काढला नाही.

मोठ्या दवाखान्यात तिला सरळ आत नेलं. तासाभरानं एक मध्यमवयीन डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला दोघांनाही बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"लिव्हर फेल होतं आहे. रक्त गोठत नाही. रक्तातली साखर खूप उतरली होती, ती वर आणली. लिव्हरनं साफ करायची घाण मेंदूत साचली आहे, म्हणून ती बेशुद्ध होते आहे. बाळाचे ठोके अजून आहेत. बहुतेक ही हेपॅटायटिस ई आहे." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "घरात आणखी कोणाला कावीळ झाली होती का?"

"मला."

"कधी?"

"तीन महिने होत आले."

"तपासणी केली होती? काय निघालं?"

"हेच. ई."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मग तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं नाही? पाण्याचं? गरोदर बाईचं?"

जवाई माझ्या शेजारी बसला होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही सांगितलं."

डॉक्टरबाईंनी मान हलवली, एक सुस्कारा टाकला आणि आत गेल्या. जवाई दात आवळून म्हणाला, "कसा डॉक्टर आहे हो तो!"

पुढचे दिवस मला ओळीनं आठवत नाहीत. तिच्या घशात नळी घातली होती, श्वास मशीन देत होतं. नाकातल्या नळीतून एक गोड, घट्ट औषध जायचं, त्यानं जुलाब होऊन पोटातली घाण बाहेर पडते असं नर्सनं सांगितलं. रक्त गोठावं म्हणून पिवळ्या प्लाझ्माच्या पिशव्या लावत होते. मी विचारलं, या काविळीचं काही खास औषध नाही का? डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक गोळी आहे, रिबाव्हिरिन. दुसऱ्या आजारांची आहे, पण या काविळीत काही अवघड पेशंटांना दिली आहे. मात्र पोटात बाळ असताना देता येत नाही. बाळाला व्यंग करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाचे ठोके थांबले. तिसऱ्या दिवशी, ती बेशुद्ध असतानाच, बाळ बाहेर आलं. मुलगी होती. फार रक्त गेलं. रक्त द्यायला मी धावलो तर रक्तपेढीतल्या माणसानं फारम भरताना विचारलं, वर्षभरात कावीळ झाली होती का? तिथं मी खरं सांगितलं. त्यानं फारम बाजूला ठेवला. रक्त जवायानं दिलं.

त्या लेकराला जवाई आणि मी घाटावर घेऊन गेलो. बहिणीनं विणलेलं स्वेटर पांढुर्ण्याला राहिलं होतं, एक बाही व्हायची होती. दवाखान्याच्या हिरव्या कापडातच लेकराला पुरलं. जवायानं माती लोटली आणि मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही नका रडू. तुमचा काय दोष?"

परत आलो तेव्हा डॉक्टरबाई आमची वाटच पाहत होत्या. म्हणाल्या, "आता बाळ नाही. आता ती गोळी देता येईल. हे औषध या आजारासाठी अधिकृत नाही, हे मला तुम्हाला सांगावं लागेल. हमी नाही. रक्त आणखी कमी होऊ शकतं, पुन्हा पिशव्या लागतील. लिव्हर बदलण्याच्या दवाखान्याशीही बोलून ठेवते. विचार करून सांगा."

जवायानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, भाऊ. तुम्ही शिकलेले." मी म्हणालो, द्या. सही त्यानं केली.

लेकरू होतं म्हणून जे औषध देता आलं नाही, ते लेकरू गेलं म्हणून देता आलं. हे वाक्य मी तेव्हापासून मनात कितीदा फिरवलं, पण त्यातून काही निघत नाही.

गोळी पूड करून नाकातल्या नळीतून जायची. रक्त कमी झालं, दोन पिशव्या चढवल्या. गोळी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी रक्त गोठण्याचा आकडा थोडा सुधारला, मग आणखी थोडा. सहाव्या दिवशी तिनं डोळे उघडले. मशीन काढलं. मी डॉक्टरबाईंना म्हणालो, तुमच्या गोळीनं वाचली. त्या म्हणाल्या, "गोळीनं की तिच्या शरीरानं, मी सांगू शकत नाही. बाळंत झाल्यावर काहीजणी आपोआपही सावरतात. वाचली, एवढं खरं." मग हेही सांगितलं की या औषधानंतर निदान नऊ महिने तिनं दिवस राहू द्यायचे नाहीत. मी ते जवायाला त्याच क्षणी सांगितलं. कागदावर लिहूनही दिलं.

तिचा पहिला प्रश्न मलाच होता. जवाई खाली चहाला गेला होता. तिनं पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. घसा बसला होता. "भाऊ, काय झालं? पोट्टी का पोट्टा?"

"पोट्टी," मी म्हणालो.

"कुठं आहे?"

"काचेच्या खोलीत ठेवली आहे. लहान आहे ना."

तीन दिवस मी तिला हेच सांगत राहिलो आणि जवायालाही सांगायला लावलं. ती रोज सकाळी विचारायची, "दूध पिते का? रडते का?" एकदा म्हणाली, "नाक कोणावर गेलं?" मी म्हटलं, तुह्यावर. नाक खरंच तिच्यावर गेलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "आज तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. तिच्या छातीत दूध दाटलं आहे. तिला कळायला हवं." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. त्यांनीच सांगितलं.

मी आत गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, "लेकरू गेलं, ते कोणाच्या हातात नव्हतं. पण तू मले तीन दिवस फसवलं, भाऊ."

कोणाच्या हातात नव्हतं, हे ती म्हणाली. तेव्हा सांगायचं होतं. नाही सांगितलं.

घरी आलो तर खोलीत खिळ्याला ती दुसरी माळ टांगलेली होती. कोणीच घातली नव्हती. काड्या वाळून गाठी सैल झाल्या होत्या आणि ती आपोआप लांबत जमिनीपर्यंत आली होती. खिळ्याला काही कावीळ झाली नव्हती. मी ती बायकोला दाखवली. तिनं ती चुलीत टाकली. त्याच आठवड्यात मी नवी नळी आणून नालीच्या वरून, भिंतीच्या कडेनं घरात घेतली. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

जवाई त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना माफ करायला तयार नव्हता. दवाखान्यात जाऊन भांडला नाही, तो त्याचा स्वभाव नाही. पण सौंसरला, रामाकोन्याला, कंपनीत, जिथं विषय निघेल तिथं सांगायचा की पांढुर्ण्याच्या अमुक डॉक्टरनं सांगितलं असतं तर माझी पोरगी वाचली असती. गोष्ट फिरत फिरत पांढुर्ण्यात आलीच. लोक मला विचारायचे, खरं का? मी म्हणायचो, जाऊ द्या आता.

एक दिवस सकाळी बसस्टँडवर डॉक्टर स्वतः भेटले. हातात भाजीची थैली होती. त्यांनी बहिणीची चौकशी केली. मग जरा घुटमळून म्हणाले, "एक विचारू? मी तुम्हाला सांगितलं नव्हतं का हो, गरोदर बाईचं? मी सगळ्यांना सांगतो असं मला वाटतं. पण त्या दिवशी गर्दी असेल. वय झालं आता. राहून गेलं असेल."

बस लागली होती. कंडक्टर ओरडत होता, सौंसर, सौंसर. मी म्हणालो, "मलाही नीट आठवत नाही, डॉक्टरसाहेब."

त्यांनी दोनदा मान हलवली. "राहून गेलं असेल," पुन्हा म्हणाले. मी बसमध्ये चढलो. खिडकीतून दिसलं, ते तिथंच उभे होते. पुढच्या वर्षी त्यांनी दवाखाना बंद केला. वयामुळे असेल. कोणी म्हणे, हल्ली त्यांना स्वतःचा भरवसा वाटत नाही, एकेका पेशंटला एकच गोष्ट चार-चारदा सांगतात.

बहिणीला तीन वर्षांनी मुलगा झाला. त्या बाळंतपणाला ती माझ्याकडे आली नाही, सौंसरला जवायाच्या मावशीकडे राहिली. "दवाखाना जवळ पडते, भाऊ," म्हणाली. मी डिंकाचे लाडू घेऊन गेलो, बाळाला मांडीवर घेतलं, परत आलो.

गेल्या वर्षी मी तिला सांगितलं. ती रामाकोन्याच्या घरी अंगणात संत्री निवडत होती, डागाची एका टोपलीत, चांगली दुसऱ्या टोपलीत. जवाई ड्युटीवर होता. मी कसं सुरू केलं आठवत नाही, पण सगळं सांगितलं. डॉक्टर काय बोलले होते, नालीतला जोड, तिनं उभ्या उभ्या पाणी प्यायलं ते, माळवाला काय म्हणाला ते, गच्चीवरचे तीन तास, नागपूरला मी जे बोललो ते, बसस्टँडवर जे बोललो ते.

ती संत्री निवडत राहिली. मग हात थांबले. ती रडली नाही.

"डॉक्टरले सांगितलं का हे?"

"नाही."

"मग मले कायले सांगून राहिला? मले सांगून तुह्या मनाचं ओझं हलकं होते. त्यायचं काय? आधी त्यायले सांग." आणि उठून घरात गेली. मी पाचच्या बसपर्यंत अंगणात बसलो. ती बाहेर आली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांच्या घरी गेलो. खालच्या दवाखान्याचं आता कपड्यांचं दुकान झालं आहे. वर त्यांच्या पत्नी राहतात. मला माहीतच नव्हतं, डॉक्टर त्याआधीच्या हिवाळ्यात मुलाकडे, परगावी वारले होते. मी त्या बाईंसमोर उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी चष्मा काढून पदरानं पुसला.

"ते आजारी असताना तुमच्या बहिणीचं नाव घ्यायचे," त्या म्हणाल्या. "आता बरी आहे ना ती?"

"हो. मुलगा आहे तिला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. जोरात नाही.

जवायाला बहिणीनंच सांगितलं. तो माझ्याशी भांडला नाही, पण तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. चार महिने तिचाही फोन नव्हता. मग एक दिवस आला, लेकाच्या शाळेच्या दाखल्याचं काहीतरी विचारायला. मी सांगितलं. असं हळूहळू बोलणं सुरू झालं. आता ती येते, मधूनमधून, लेकाला घेऊन. माझ्या बायकोशी हसते, बोलते, एखादी नक्कलही करते. जेवण होतं. राहा म्हटलं तर, "नाही भाऊ, उद्या त्याची शाळा आहे," म्हणते आणि चारच्या गाडीनं रामाकोन्याला परत जाते. मी स्टँडपर्यंत पोचवायला जातो. आग्रह करत नाही.